वरचा डावा चौकोन

१

"तिथे पाटी नव्हती," स्विलेना तिसऱ्यांदा म्हणाली, आणि समोर बसलेल्या, रेल्वेच्या चौकशीसाठी आलेल्या काराबोयेव साहेबांनी तिसऱ्यांदा तोच फोटो टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

फोटोत पाटी होती. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची, आडवे तीन, उभे चार, सिग्नलच्या खांबावर ठसठशीत दिसणारी.

"मंगळवारी सकाळी सातला मी स्वतः काढलाय हा," साहेब म्हणाले. "अपघात सोमवारी संध्याकाळी पाच चाळीसला. मधल्या वेळात पाटी खांबावर उगवली का?"

"मला माहीत नाही. मी वळणावरून आले तेव्हा नव्हती."

"शुक्रवारी अकराला सुनावणी. तोवर गाव सोडायचं नाही. लायसन्स ठेवा इथे."

तिने ठेवलं. ते मिळून तिला अकरा महिने झाले होते. शुक्रवारी ते कायमचं जाणार होतं आणि वर खटला उभा राहणार होता, कारण तिच्या आगगाडीने लाल सिग्नल ओलांडून खाणीची मालगाडी बाजूने खरवडली होती, मालाच्या दोन वाघिणी आडव्या झाल्या होत्या आणि पायरीवर उभ्या असलेल्या खाणीच्या कामगाराचं, इल्कोचं गळ्याचं हाड मोडलं होतं.

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारात, चहाचा ट्रे हातात धरून ऐकलं. वारोविक स्टेशनची रनिंग रूम, म्हणजे बाहेरगावचे ड्रायव्हर मुक्कामाला उतरतात ती जागा, माझी आई चालवते. पाहुण्यांचं बोलणं ऐकायचं नाही हा तिचा पहिला नियम, आणि तो मी बोलता यायला लागल्यापासून मोडत आलेय.

साहेब गेल्यावर मी ट्रे आदळला आणि म्हटलं, "ताई, मला दाखव. नेमकं काय दिसलं तुला?"

"तू कोण, वकील?"

"मी रुमेना. अकरावीत आहे. भूमितीत पहिली."

तिला किंचित हसू आलं. मग तिने दोन काटेचमचे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. "हा माझा रूळ. हा उजवीकडचा खाणीचा. आणि माझ्या डावीकडे हा तिसरा," तिने एक सुरी ठेवली, "गवतात गेलेला, जुन्या चुन्याच्या भट्टीचा." मग सुरीपलीकडे तिने लाल तिखटाची डबी ठेवली आणि उजवीकडे हिरव्या मसाल्याची. "वळण घेतलं की हे दोन दिवे समोर येतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. सगळ्या देशात आपला सिग्नल आपल्या उजवीकडे असतो. मग माझा कोणता?"

"हिरवा," मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं. लाल त्या जुन्या रुळाचा असणार, असं धरलं. शंकाच आली नाही, म्हणून थांबले नाही."

पण आमच्या वारोविकला लालच तिचा होता. दोन रुळांच्या मध्ये खांबाला जागा नाही, म्हणून चाळीस वर्षांपूर्वी आमचा सिग्नल डावीकडे, कड्याच्या कंगोऱ्यावर बसवला. आणि परक्या ड्रायव्हरची गल्लत होऊ नये म्हणून त्या खांबावर ती चौकोनांची पाटी. तिचा अर्थ एवढाच: बाबा रे, तुझा सिग्नल या बाजूला आहे. आम्ही तिला पटाची पाटी म्हणतो.

तेवढ्यात आजोबा आत आले. माझे आजोबा, व्लायको, या टापूतले सिग्नल फिटर. अंगाला टर्पेंटाइनचा वास. गेओर्गीच्या सणाआधी ते दरवर्षी मधमाश्यांच्या पेट्या रंगवतात.

"चहा?" आईने विचारलं. त्यांनी मान आडवी हलवली, आमच्याकडची हो म्हणायची रीत, तेव्हा आईने कप भरला. चीज भरलेल्या बनित्साच्या ताटलीकडे त्यांनी बघितलंही नाही. ते स्विलेनाकडे बघत होते.

"पाच चाळीसची गाडी डोब्री चालवतो," ते म्हणाले. "नेहमी डोब्रीच."

"त्याच्या मुलीचं लग्न होतं," स्विलेना म्हणाली. "मला सकाळी फोन आला."

आजोबांनी कप तसाच ठेवला आणि बाहेर गेले. चहाला त्यांनी ओठही लावला नव्हता.

२

मला बसवेना. स्विलेनावर माझा विश्वास बसला होता, आणि फोटो खोटा नव्हता. दोन्ही खरं असेल तर मध्ये काहीतरी तिसरं असणार. मी रसायनशास्त्राच्या तासाला बुट्टी मारली आणि रुळाकडेच्या पायवाटेने वळणाकडे निघाले.

वारोविकमध्ये सगळं पांढरं असतं. चुनखडीची खाण गावाच्या डोक्यावर, आणि तिची भुकटी छपरांवर, आलुबुखाराच्या झाडांवर, आईच्या वाळत घातलेल्या चादरींवर. एकोणीस दिवस पाऊस नव्हता. सिग्नलचा खांब पांढरा, शिडी पांढरी, दिव्यावरची टोपी पांढरी, आणि त्या सगळ्या पिठात ती पाटी अशी चमकत होती की जणू आत्ताच पोळपाटावरून उचलून लावली आहे.

मी खाली उभी राहून विचार केला. सोमवारी संध्याकाळी वाघिणी आडव्या झाल्यापासून खाण बंद आहे. खाण बंद म्हणजे भुकटी बंद. खांबावर जी भुकटी आहे ती सगळी सोमवारच्या आधीची. पाटीवर का नाही?

कुणी पुसली असेल. असू शकतं.

मी शिडीवर चढले. (हे आईला कळलेलं नाही, आणि कळूही नये.) पाटीच्या खालच्या कोपऱ्यात काळा रंग जाड बसला होता. मी बोट टेकवलं. बोट चिकटलं, आणि उचललं तेव्हा टोक काळं झालेलं आणि पाटीवर माझा ठसा.

रंग ओला होता. आणि गुळगुळीत होता, काचेसारखा. या खांबावर उभं राहून कुणी रंग दिला असता तर सुकायच्या आत भुकटी बसून त्याचा सँडपेपर झाला असता. आमच्या घराचं फाटक असंच झालंय. म्हणजे पाटी दुसरीकडे कुठेतरी रंगवली गेली होती, बंद जागेत.

मग मी पाटी आणि खांब यांच्यामधल्या फटीत डोळा लावला. पाटी खांबाला घट्ट टेकलेली. चाळीस वर्षं ती तिथे असेल तर तिच्यामागचा खांब स्वच्छ हवा, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की मागे दिसतो तसा. पण मागेही पांढरी भुकटी होती. पातळ थर, पण होता.

पाटी काही मिनिटांसाठी नाही, काही दिवस खांबावर नव्हती.

मी फोनवर चार फोटो काढले. बोल्टांची डोकी तिकोनी होती, साध्या पान्याने फिरणार नाहीत अशी, आणि प्रत्येकावर ताजे चमकदार ओरखडे. खाली उतरते तोच मागून आवाज आला.

"व्लायकोची नात शिडीवर काय करतेय, घरटी मोजतेय का?"

खाणीचा मुकादम ग्रोझ्दान. हाताच्या ओंजळीत सूर्यफुलाच्या बिया, आणि चेहऱ्यावर हसू.

३

ग्रोझ्दानला हा सिग्नल नको होता, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कड्याचा तो कंगोरा फोडून त्याला खाण वाढवायची होती. रेल्वेला त्याने दोनदा अर्ज दिला होता, दोन्हीत लिहिलं होतं की या सिग्नलपायी एक दिवस अपघात होईल.

"झाला की नाही?" तो बी फोडत म्हणाला. "मी ज्योतिषी नाही, पण डोळे आहेत मला."

"मग डोळ्यांनी सांगा, काका. पटाची पाटी शेवटची कधी बघितलीत?"

"रोज बघतो. माझ्या ऑफिसच्या खिडकीसमोर आहे."

"सोमवारी?"

"सोमवारी पण."

"तिचा वरचा डावा चौकोन काळा की पांढरा?"

"काळा," तो म्हणाला. मग बी चावायचा थांबला. "पांढरा. थांब. काळा." त्याने वर बघायला मान वळवली, मी पटकन आडवी आले. "बघून काय सांगता, काका. रोज बघता ना?"

"पोरी, तुझी जीभ मागच्या वर्षी कुठे होती?"

खरंच होतं ते. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करायचे तो खांद्यापर्यंतच.

तिथून मी थेट केबिनमध्ये गेले. सिग्नलची बटणं त्सोन्का मावशीच्या हातात असतात. सोमवारी खाणीच्या गाडीला हिरवा आणि स्विलेनाला लाल तिनेच दिला होता, आणि तिच्या यंत्राच्या कागदावर तसंच उमटलं होतं. तिच्याकडून चूक झाली नव्हती. तरी ती विणकामाच्या सुया हातात घेऊन नुसतीच बसली होती.

"पाटी? रुमेना, माझं नाक जागेवर आहे का असं विचारतेस तू. ती तिथेच असते."

"सोमवारी पाहिलीस?"

"नाकाकडे कोण बघतं?"

"वरचा डावा चौकोन?"

"पांढरा," ती ठामपणे म्हणाली.

इल्को दवाखान्यात होता, खांदा पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. तो दिवसातून चार वेळा त्या खांबाला खेटून जायचा. त्याचं उत्तर सगळ्यांत भारी होतं.

"चौकोन कुठले? तिच्यावर पट्टे आहेत. तिरपे."

मला हसू फुटलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ग्रोझ्दान, त्सोन्का मावशी, इल्को, तिघांनाही सिग्नल डावीकडे आहे हे पाठ होतं, आणि पाठ असलेल्या गोष्टीकडे माणूस बघत नाही. पाटी खांबावरून उतरली आणि गावातल्या एकालाही कळलं नाही. कळणार होतं फक्त परक्या माणसाला, आणि त्याला तरी काय कळणार? नसलेली गोष्ट दिसते का?

मी पळत केबिनकडे परतले. एक प्रश्न राहिला होता.

"मावशी, तिकोनी बोल्ट कशाने फिरतात?"

"तिकोनी किल्लीने. या टापूत दोनच आहेत. एक ही बघ." भिंतीवरच्या काचेच्या पेटीत किल्ली, पेटीला शिशाचं सील, सीलवर फेब्रुवारीतली तारीख. कुणी हात लावला नव्हता.

"आणि दुसरी?"

त्सोन्का मावशीने सुया मांडीवर ठेवल्या. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं आई ताप मोजताना बघते.

"दुसरी तुमच्या घरात, बाळा. दाराजवळच्या खिळ्याला."

४

ती किल्ली मी जन्मापासून बघत आलेय. लहान असताना तिचं टोक कणकेत दाबून त्रिकोण उठवायचे.

बुधवारची सगळी संध्याकाळ मी घरभर फिरत राहिले. आई म्हणाली, बस की एका जागी, पायाला चाकं लागलीत का. गुरुवारी शाळेत भूमितीच्या तासाला सरांनी विचारलेलं ऐकूच आलं नाही. एखादं प्रमेय सुटत जातं तेव्हा किती बरं वाटतं. हे सुटत होतं आणि मला ते सुटायला नको होतं. मी दुसरी उत्तरं शोधत होते. ग्रोझ्दानने किल्ली चोरली असेल. आमचं दार दिवसभर उघडंच असतं.

दुपारी घरी आले आणि मागच्या अंगणात गेले. मधमाश्यांच्या सात पेट्या तळहाताएवढ्या पोपड्यांनी सोललेल्या, मागच्या वर्षीचा निळा रंग उडालेला. एकीलाही ब्रश लागला नव्हता.

मग टर्पेंटाइन कशासाठी?

रनिंग रूमच्या जेवणघरात भिंतीवर एक फ्रेम आहे. आजोबांना पंचवीस वर्षांच्या नोकरीचं पदक मिळालं तेव्हाचा फोटो. ते वळणावरच्या सिग्नलखाली उभे आहेत, मिशा काळ्याभोर, आणि त्यांच्या डोक्यावर पटाची पाटी. मी खुर्चीवर चढून बघितलं. वरचा डावा चौकोन काळा.

फोन काढला. काल मी काढलेला फोटो. वरचा डावा चौकोन पांढरा.

आडवे तीन, उभे चार. अशी पाटी उलटी फिरवली की कोपरे रंग बदलतात. चार बाय चार असती तर काहीच कळलं नसतं. कुणीतरी ती घाईत खालची बाजू वर करून लावली होती.

आजोबा शेडमध्ये ब्रश धूत होते. मी दारात उभी राहिले.

"आजोबा, पटाच्या पाटीचा वरचा डावा चौकोन कुठल्या रंगाचा?"

"काळा," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "चाळीस वर्षं काळा."

अख्ख्या गावात फक्त त्यांनाच माहीत होतं.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, फोन लांब नेला, जवळ आणला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, अगदी हळू.

"उलटी लावली मी," ते म्हणाले.

आमच्यामध्ये टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर एका आयताचा रिकामा पांढरा आकार आणि चारी बाजूंनी काळ्या रंगाचे ठिपके.

"गेल्या गुरुवारी उतरवली," ते सांगू लागले, मी काही विचारलं नसताना. "सगळा टापू स्वच्छ रंगवून पुढच्याच्या हातात द्यायचा होता. तिथे रंगवता येत नाही, भुकटी बसते. पाटी उतरवली की प्रत्येक ड्रायव्हरला लेखी सूचना द्यायची, असा नियम आहे. मी म्हटलं कशाला? त्या वळणावर येतो डोब्री, नाहीतर त्याचा भाऊ. दोघं झोपेत गाडी आणतील. सोमवारी धडाका ऐकला. सगळे खाणीकडे पळाले, मी पाटी घेऊन वळणाकडे पळालो." ते थांबले. "पळताना वाटलं, पाटी लावली की झालेलं पुसून जाईल."

"ती पोरगी खोटारडी ठरतेय."

"मला पेन्शनला एकोणतीस दिवस राहिलेत, रुमेना."

"तिला एकोणचाळीस वर्षं राहिलीत."

त्यांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. तो कधीचाच स्वच्छ झाला होता.

"सुनावणी अकराला आहे," मी म्हटलं. "मी पाटीबद्दल सगळं सांगणार आहे. नाव घेणार नाही."

त्यांनी मान हलवली नाही, आडवी नाही, उभी नाही.

५

शुक्रवारी वेटिंग रूम भरली होती. ग्रोझ्दान भिंतीला टेकून, त्सोन्का मावशी पहिल्या बाकावर, इल्को गळ्यात हात अडकवून. स्विलेनाने केस इतके घट्ट बांधले होते की तिच्याकडे बघूनच डोकं दुखावं. आजोबांची खुर्ची रिकामी होती.

काराबोयेव साहेबांनी कागद वाचले. यंत्र बरोबर, दिवे बरोबर, पाटी जागेवर. "ड्रायव्हरचं म्हणणं पुराव्याशी जुळत नाही," ते म्हणाले. "कुणाला काही सांगायचंय?"

मी हात वर केला. पूर्ण, सरळ.

"ही शाळेची सहल नाही," ते म्हणाले.

"माहितेय, साहेब. तुमच्या फोटोतली पाटी सोमवारी संध्याकाळनंतर लावलेली आहे."

खोलीत कुजबूज. आईने कपाळाला हात लावला.

मी फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि एकेक सांगत गेले. खाण सोमवारी बंद झाली, म्हणून भुकटी सोमवारनंतर पडलेली नाही. खांब पांढरा आणि पाटी स्वच्छ.

"पुसली असेल कुणी," साहेब म्हणाले.

"रंग परवापर्यंत ओला होता. माझा ठसा आहे तिच्यावर, बघून घ्या."

"मग जागेवरच रंगवली असेल. अपघातानंतर, चौकशी येणार म्हणून."

"मग रंगात भुकटीचे कण असते. आणि पाटीच्या मागच्या खांबावर भुकटी कशी गेली? पाटी तिथे असताना?"

पेन्सिल त्यांनी टेबलावर आडवी ठेवली. मी भिंतीवरून उतरवून आणलेली फ्रेम त्यांच्यापुढे सरकवली, जशी त्यांनी स्विलेनापुढे फोटो सरकवला होता तशीच.

"हा जुना फोटो. वरचा डावा काळा. हा तुमचा. वरचा डावा पांढरा. जागेवर रंगवलेल्या पाटीचे कोपरे जागा बदलत नाहीत, साहेब. ती उतरवली गेली, काही दिवस नव्हती, आणि परत उलटी लावली गेली. स्विलेनाताईने जे पाहिलं नाही, ते तिथे नव्हतंच."

काराबोयेव साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. बोटाने चौकोन मोजले. एकदा, दोनदा. मग त्यांनी फ्रेममधल्या काळ्या मिशांच्या माणसाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि मला कळलं की आमचं नाक एकसारखं आहे हे त्यांनाही दिसलंय.

"तिकोनी बोल्ट आहेत," ते सावकाश म्हणाले. "कुणी काढली पाटी?"

मी नाव घेणार नाही म्हटलं होतं. स्विलेना माझ्याकडे बघत होती. एका बाजूला तिचं सगळं आयुष्य, आणि दुसऱ्या बाजूला मला सायकल शिकवताना मागून धरून पळणारा माणूस.

दार करकरलं.

आजोबा गणवेशात होते. जुना, निळा, पितळी बटणांचा, जो ते फक्त सणाला घालतात. ते थेट टेबलाशी गेले आणि तिकोनी किल्ली कागदांवर ठेवली.

"तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

आजोबांनी मान आडवी हलवली. सावकाश, दोन वेळा.

"सूचना का दिली नाहीत?"

"इथे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून."

"पाटी पाठ असलेल्यांसाठी नसते, व्लायको."

"माहीत आहे," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षं मीच सांगत आलो, प्रत्येक नव्या पोराला." मग ते स्विलेनाकडे वळले. ती उभी राहिली, का ते तिलाही कळलं नसावं. "तुम्ही बरोबर पाहिलंत, बाई. मी तुम्हाला चार दिवस खोटं ठरू दिलं."

टेबलावरचं लायसन्स स्विलेनाने स्वतः उचललं नाही, साहेबांनी हातात देईपर्यंत वाट बघितली.

६

आजोबांची पेन्शन कापली गेली, किती ते अजून ठरायचंय. टापू दुसऱ्याकडे गेला, आणि खटल्याची तारीख शरदात आहे. इल्कोकडे ते रोज मध घेऊन जातात. इल्को म्हणतो, एवढा मध खाल्ला की मोडलेली हाडंसुद्धा चिकटतील, आता पुरे. घरात आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने माझ्या ताटात बनित्साचा कडेचा कुरकुरीत तुकडा ठेवला.

आजोबाही बोलत नव्हते. नवव्या दिवशी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. "चल," म्हणाले.

वळणावर नवा फिटर शिडीपाशी होता. त्याने पाटी सरळ लावून दिली होती आणि आता खाली उतरून आजोबांकडे बघत होता, जणू परीक्षेचा निकाल लागायचाय. आजोबांनी मला रुळापासून लांब, गवतात उभं केलं.

"समज, तू इथली नाहीस. पहिल्यांदाच येतेयस. काय दिसतं?"

मी डोळे मिटले, उघडले. लाल दिसला, हिरवा दिसला, पाटी दिसली. पण मला ते आधीच माहीत होतं. मी कितीही प्रयत्न केला तरी परकी होता येईना.

"जमत नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही जमत," ते म्हणाले. "म्हणून परक्या डोळ्यांची वाट बघतोय."

पाच चाळीसला रूळ गुणगुणायला लागले. वळणावरून इंजिन आलं, वेग उतरवत, आणि लाल दिव्याच्या बरोबर अलीकडे थांबलं. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, केस आज सैल बांधलेले.

स्विलेनाने आधी कड्याकडे बघितलं, बराच वेळ, एखादी ओळ मनात वाचावी तसं. मग आमच्याकडे.

"वरचा डावा काळा आहे, आजोबा," तिने वरून सांगितलं. "बरोबर?"

माझ्या आजोबांनी टोपी काढली आणि मान आडवी हलवली.